चिमुकल्यांची तहान : सवय की आजाराची खूण?

मूल पाणीच पीत नाही, अशी तक्रार घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे येणारे पालक पुष्कळ असतात. मूल फार पाणी पिते, अशी तक्रार मात्र क्वचितच केली जाते. भरपूर पाणी पिणे हे आपल्याकडे चांगल्या प्रकृतीचे लक्षण मानले जात असल्याने दीड-दोन वर्षांचे मूल स्वतःहून फुलपात्र पुढे करू लागले, की घरातल्यांना त्याचे कौतुकच वाटते. त्यातून मार्च ते मेचे दिवस असतील, तर ‘उन्हाळा आहे, तहान लागणारच’ एवढ्यावर विषय संपतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु काही थोड्या मुलांच्या बाबतीत ही तहान एका गंभीर आजाराची पहिली खूण असते. ती वेळीच ओळखली गेली तर उपचार सोपे जातात. न ओळखली गेल्यास तेच मूल काही दिवसांतच अतिदक्षता विभागात दाखल करावे लागते. म्हणूनच साधी तहान आणि आजाराची तहान यांतील फरक पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मुळात लहान मुलाला पाणी लागते किती? माल्कम हॉलिडे आणि विल्यम सेगर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडलेला हिशेब आजही जगभरच्या रुग्णालयांत सलाइनचे प्रमाण ठरवताना वापरला जातो. वजनाच्या पहिल्या दहा किलोंसाठी दर किलोमागे १०० मिलिलिटर आणि त्यापुढच्या दहा किलोंसाठी दर किलोमागे ५० मिलिलिटर, असा हा साधा हिशेब आहे. म्हणजे दहा किलो वजनाच्या मुलाला दिवसाला एक लिटर आणि बारा किलोच्या मुलाला अकराशे मिलिलिटर द्रव पुरतो. यात दूध, वरण, ताक, फळांचा रस हे सारे धरलेले आहे. दिवसातून दोन कप दूध आणि दोन वेळचा मऊ भात-वरण घेणाऱ्या मुलाला वरून पाणी लागते ते जेमतेम चार-पाचशे मिलिलिटर. ऊन, ताप, धावपळ यांनी हा आकडा वाढतो, आणि एखाद्या दिवशी तो बराच वाढला तरी त्यात वावगे काही नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साठ किलोच्या प्रौढाला दर किलोमागे १०० मिलिलिटर या दराने पाणी प्यायचे झाले, तर त्याला दिवसाला सहा लिटर प्यावे लागेल. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या शरीरातून पाणी फार वेगाने ये-जा करते. त्यामुळे ‘एवढासा जीव आणि किती पाणी पितो’ असे मोठ्यांना वाटणे स्वाभाविक असले तरी तो अंदाज पुष्कळदा चुकतो. चुकू नये यासाठी सोपा उपाय म्हणजे मोजणे. सकाळी एका मापाच्या बाटलीत पाणी भरून ठेवावे, चोवीस तास मुलाला त्यातलेच द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती संपले ते पाहावे. दुधाची नोंद वेगळी ठेवावी. दहा-बारा किलोचे मूल ऊन नसताना, ताप नसताना, रोजच दीड-दोन लिटर द्रव पोटात घालत असेल, तर तो कौतुकाचा विषय राहत नाही.

बाटलीची माया

तपासणीअंती ज्या तहानेमागे आजार सापडत नाही, तिचे सर्वांत मोठे कारण सवय हेच असते. शहरी घरांत दुधाची बाटली आणि सिपर हे मुलाच्या हाताला चिकटलेले असतात. झोपताना बाटली, गाडीत बसताना बाटली, रडू आले की बाटली. या मुलांना पाणी हवे असते असे नाही. चोखण्याचा दिलासा हवा असतो. बाटलीत सरबत, पाकीटबंद फळांचा रस किंवा साखर घातलेले दूध असेल, तर तिची ओढ आणखीच वाढते. पोट पाण्याने भरल्यामुळे जेवण कमी होते, दात किडतात आणि डायपर मात्र दर तासाला ओले होते. मग ‘लघवी जास्त होते म्हणून तहान लागते’ असा उलटा समज घरात रुजतो.

अशा वेळी साधे पाणी वाटीने किंवा पेल्याने देऊन पाहावे. गोड रसासाठी हट्ट धरणारे पण साधे पाणी दिसताच तोंड फिरवणारे मूल बहुधा तहानलेले नसते. रात्रभर शांत झोपणारे, पाण्यासाठी न उठणारे आणि वजनाने नीट वाढणारे मूल असेल, तर चिंता बरीच कमी होते. सवय मोडायची तर गोड पेयात रोज थोडे अधिक पाणी मिसळत जावे आणि पंधरा-वीस दिवसांत बाटलीची जागा पेल्याला द्यावी. एका रात्रीत बाटली लपवून ठेवण्याचा मार्ग आई-वडील आणि मूल या दोघांनाही जागरण घडवतो.

वेफर्स, फरसाण, चीज यांतील मीठही तहान वाढवते, हे सर्वांना ठाऊक आहेच. नाकामागील अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढलेली मुले तोंडाने श्वास घेत झोपतात. त्यांचे तोंड कोरडे पडते आणि ती रात्री दोन-दोन घोट पाणी मागतात. परंतु त्यांची लघवी वाढलेली नसते. अनेक पालकांच्या नजरेतून निसटतो तो नेमका हाच मुद्दा.

आधी लघवी, मग तहान

आजाराच्या तहानेत मूल पाणी फार पिते म्हणून लघवी फार करते असे नसून, शरीरातून लघवीवाटे पाणी वाहून जाते म्हणून ते पाण्यासाठी तळमळते. तहान हा शरीराने केलेला भरपाईचा प्रयत्न असतो. त्यामुळे प्याल्याकडे पाहण्यापेक्षा डायपरकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

टाइप १ मधुमेहात नेमके हेच घडते. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्सुलिन नसल्याने साखर पेशींत शिरू शकत नाही व रक्तात साचत राहते. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही. ती लघवीत उतरते आणि आपल्यासोबत पाणी ओढून नेते. मूल कितीही प्याले तरी ते पाणी शरीरात टिकत नाही. दुसरीकडे, अन्न पोटात जाऊनही पेशी उपाशी राहतात, म्हणून शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळू लागते. मूल खाते-पिते आणि तरीही वाळते, ते यामुळे.

लघवीला मुंग्या लागणे ही आपल्या जुन्या घरांतली ओळखीची खूण याच साखरेची आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांमध्ये लघवीकडे मुंग्या जमण्याचा उल्लेख आढळतो. मोरीत किंवा अंगणात बसवलेल्या मुलाच्या बाबतीत ही खूण सहज ध्यानात येत असे. डायपर गुंडाळून थेट कचऱ्याच्या पिशवीत जाऊ लागल्यापासून ती दिसेनाशी झाली आहे. डायपरने आणखीही एक गोष्ट झाकली आहे. आधुनिक डायपर पुष्कळ लघवी शोषून वरून कोरडे राहते, त्यामुळे लघवी वाढल्याचे पालकांना कळतच नाही. शंका असेल तर स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर कोरडे आणि ओले डायपर तोलून पाहता येते. वजनातील एका ग्रॅमचा फरक म्हणजे अंदाजे एक मिलिलिटर लघवी. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाची चोवीस तासांतील लघवी दर किलो वजनामागे १०० ते ११० मिलिलिटरच्या वर जात असेल, तर ती निश्चितपणे जास्त समजली जाते. पुढे वयानुसार हे प्रमाण आणखी खाली येते.

रात्री नियमितपणे उठून पाणी मागणे. मिळेल तेथून, अगदी आंघोळीच्या बादलीतूनही पाणी पिण्याचा प्रयत्न करणे. डायपर रात्रीतून गळणे. कोरडे राहू लागलेल्या मुलाने पुन्हा अंथरूण ओले करणे. कपडे सैल होणे. खेळता खेळता मध्येच आडवे होणे. जांघेत वारंवार बुरशीचे लाल चट्टे उठणे, या गोष्टी तहानेबरोबर दिसू लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला रागावण्याची, त्याचे रात्रीचे पाणी बंद करण्याची आपल्याकडील रीत या ठिकाणी घातक ठरू शकते.

एका रात्रीचा उशीर

लहान वयातील हा मधुमेह ओळखण्यात अडचण अशी, की तो दुसऱ्याच कशाचा तरी वेश घेऊन येतो. लघवी वारंवार होते म्हणून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग समजून औषध दिले जाते. उलट्या होतात म्हणून पोट बिघडल्याचे निदान होते. चिडचिड होते म्हणून दात येत असल्याचे सांगितले जाते. इन्सुलिनअभावी चरबी जळताना किटोन नावाची आम्ले रक्तात साचतात आणि ती बाहेर टाकण्यासाठी मूल खोल व जलद श्वास घेऊ लागते. तेव्हा न्यूमोनियाची शंका घेऊन छातीचा एक्स-रे काढला जातो. या अवस्थेला डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, पोटात दुखते आणि मूल सुस्त पडते. यात मेंदूला सूज येण्याचा धोका असतो आणि तो मुलांमध्ये अधिक असतो. मूल जितके लहान, तितकी ही अवस्था लवकर येते, कारण दोन वर्षांचे मूल ‘मला बरे वाटत नाही’ यापलीकडे काही सांगू शकत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुलाब-उलट्यांनी शुष्क झालेल्या मुलाची लघवी कमी होते. मधुमेहाने शुष्क झालेल्या मुलाला जुलाब नसतात आणि डोळे खोल गेले तरी त्याचे डायपर भरतच राहते. उलट्या आहेत, जुलाब नाहीत आणि लघवी भरपूर आहे, हा मेळ दिसला की सलाइन लावण्यापूर्वी रक्तातील साखर पाहिलीच पाहिजे. सलाइनमध्ये ग्लुकोज असेल, तर आधीच चढलेली साखर त्याने आणखी वाढते.

या तपासणीला लागतो रक्ताचा एक थेंब आणि काही सेकंद. तरीही उशीर होतो, आणि त्यामागे मोठ्यांच्या मधुमेहाची सवय आहे. साखर तपासायची म्हणजे सकाळी उपाशीपोटी एकदा आणि जेवणानंतर दोन तासांनी एकदा, हे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. संध्याकाळी शंका आली, की ‘उद्या सकाळी उपाशीपोटी नेऊ’ असे ठरते आणि मुलाची एक रात्र वाया जाते. लक्षणे दिसणाऱ्या मुलासाठी उपाशीपोटी थांबण्याची गरज नाही. दिवसाच्या कोणत्याही वेळी घेतलेल्या रक्तात साखर २०० मिलिग्रॅम किंवा अधिक निघाली आणि सोबत लक्षणे असली, तर निदानाला तेवढे पुरेसे असते. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करून तिच्या अहवालाची वाट पाहण्याचेही कारण नाही.

अनेक घरांत आजोबांचा किंवा आजीचा ग्लुकोमीटर कपाटात असतोच. दवाखाना दूर असेल आणि रात्रीची वेळ असेल, तर त्याचा उपयोग करता येईल. मात्र सुई नवी वापरावी, पट्टीची मुदत पाहावी आणि मुलाचा हात साबणाने धुऊन कोरडा करावा. बोटाला केळ्याचा किंवा बिस्किटाचा गोडवा लागलेला असला तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो. आकडा २०० च्या वर आला तर सकाळची वाट न पाहता मुलांच्या अतिदक्षता विभागाची सोय असलेले रुग्णालय गाठावे. यंत्रावर आकड्याऐवजी ‘हाय’ अशी अक्षरे उमटली, तर साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेली आहे असा त्याचा अर्थ होतो. आकडा सरळ आला तरी लक्षणे असताना डॉक्टरांची भेट टाळू नये.

लवकर ओळखण्याने किती फरक पडतो, याचे एक बोलके उदाहरण इटलीतील पार्मा प्रांताचे आहे. तेथे १९९१ पासून शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत फलक लावण्यात आले. तहान आणि नव्याने सुरू झालेले अंथरूण ओले होणे यांकडे लक्ष द्या, एवढाच त्यांचा मथितार्थ होता. त्यापूर्वीच्या काळात ६ ते १४ वर्षांच्या नव्या रुग्णांपैकी ७८ टक्के मुले किटोअ‍ॅसिडोसिसच्या अवस्थेत पोहोचल्यावर रुग्णालयात येत. १९९७ पर्यंतच्या काळात हे प्रमाण साडेबारा टक्क्यांवर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ एक फलक. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये अशाच स्वरूपाची मोहीम सुरू झाली. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालात १९ वर्षांखालील टाइप १ मधुमेहींची सर्वाधिक संख्या भारतात, सुमारे २ लाख २९ हजार, असल्याचा अंदाज दिला होता. पार्मासारखे फलक आपल्या पाळणाघरांत आणि बालवाड्यांत लागायला फारसा खर्च येणार नाही.

साखर सरळ निघाली तर

तहान व लघवी दोन्ही वाढलेली आहेत पण साखर सरळ आहे, अशी मुले थोडी असतात. त्यांच्यासाठी पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून येणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा निरोप देते. हा निरोप निघालाच नाही किंवा मूत्रपिंडांनी तो ऐकलाच नाही, तर पाण्यासारखी स्वच्छ लघवी दिवसरात्र होत राहते. याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. नावातील साम्याखेरीज साखरेच्या मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. या साम्यामुळे घोटाळे होतात म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी या विकाराचे नावच बदलले. मूत्रपिंडाशी निगडित जन्मजात प्रकार मुख्यत्वे मुलग्यांमध्ये आढळतो. वारंवार कारण नसताना येणारा ताप, बद्धकोष्ठता आणि वजन न वाढणे ही त्याची लक्षणे असतात. मेंदूशी निगडित प्रकारात डोकेदुखी वा नजरेचे दोष सोबत असतील, तर एमआरआय करून गाठ नाही ना, याची खात्री करून घेतात. पहाटेच्या पहिल्या लघवीची घनता तपासली तर मूत्रपिंडे पाणी राखू शकतात की नाही, याचा प्राथमिक अंदाज येतो.

अशा मुलाचे पाणी घरच्या घरी तोडून ‘पाहूया काय होते’ असा प्रयोग कदापि करू नये. पाणी बंद करून केली जाणारी चाचणी रुग्णालयात, तासातासाला वजन आणि रक्तातील सोडियम पाहत केली जाते. घरी तीच गोष्ट जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे विशेष लक्ष देण्याजोगे आणखी एक कारण म्हणजे ड जीवनसत्त्वाचा अतिरेक. तान्ह्या बाळाला रोज ४०० युनिट एवढीच मात्रा दिली जाते. बाजारात मात्र ६० हजार युनिटची छोटी बाटलीही मिळते, आणि ती ठरावीक अंतराने घ्यायची असते. थेंबांच्या जागी ही बाटली रोज दिली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून तहान, लघवी, उलट्या, बद्धकोष्ठता व भूक मंदावणे ही लक्षणे उद्भवतात. मूत्रपिंडाचे काही जन्मजात विकार आणि दम्यासाठी वा मूत्रपिंडाच्या विकारासाठी पोटातून दिली जाणारी स्टेरॉइड्स हीही तहानेची कारणे आहेत. विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात मूत्रपिंडांची लघवी घट्ट करण्याची शक्ती लहानपणीच कमी होते. या मुलांना पाणी कमी पडू देणे धोक्याचे असते.

तहान जेव्हा नाहीशी होते

जुलाबाच्या आजारात तहानेचा अर्थ वेगळा लावावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार जुलाब झालेले मूल अधाशासारखे पाणी पीत असेल, तर त्याच्या शरीरातील पाणी काही प्रमाणात कमी झाले आहे. ते मलूल होऊन पाणी पिणेच सोडत असेल, तर अवस्था गंभीर आहे. ‘आता शांत झोपलाय, पाणीही मागत नाही’ म्हणून निर्धास्त होणे येथे महागात पडते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर ओआरएस द्यावे. पुडी एक लिटरची आहे की २०० मिलिलिटरची, हे वाचूनच पाणी घ्यावे. ओआरएससारखी नावे असलेली गोड पेये ओआरएस नव्हेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. सहा महिन्यांखालील, केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला तर उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही.

मधुमेहाचे निदान झालेल्या घरात पहिला प्रश्न हमखास येतो, ‘आम्ही याला गोड फार दिले का?’ उत्तर नाही असे आहे. टाइप १ मधुमेह चॉकलेट-पेढ्यांनी होत नाही, आणि आईने गरोदरपणी काय खाल्ले याच्याशीही त्याचा संबंध जोडता येत नाही. या मुलांना आयुष्यभर इन्सुलिन लागते. ते बंद करून काढा-चूर्णांनी मूल बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहावे, कारण इन्सुलिन थांबल्यानंतर मूल पुन्हा किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जायला फार वेळ लागत नाही. इन्सुलिन घेणारी मुले शाळेत जातात, खेळतात आणि वाढदिवसाचा केकही खातात. फक्त त्याचा हिशेब ठेवून.

डॉक्टरांकडे जाताना चोवीस तासांत प्यालेल्या पाण्याची व दुधाची नोंद, डायपरची संख्या आणि चालू असलेली सर्व औषधे, थेंबांच्या बाटल्यांसह, सोबत न्यावीत. लसीकरणाचे कार्डही विसरू नये. लस टोचताना दर वेळी त्यावर मुलाचे वजन लिहिलेले असते, आणि गेल्या खेपेपेक्षा वजन वाढले की घटले, हे डॉक्टर सर्वप्रथम पाहतात.